बुटाच्या खोक्यातला सिनेमा

सगळ्यात आधी दिवा शोधावा लागला.
जुना, काचेचा, आतली तार तुटलेला.
हल्लीचे दिवे लवकर जात नाहीत
आणि गेले तरी या कामाचे नाहीत.
एक सोलून पाहिला, आत नुसतं पांढरं प्लास्टिक.
तीन दुकानं फिरलो. चौथ्यात दस्तगीरभाईंनी
खालचा खण उपसून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काढला,
शंभर वॉटचा.
पैसे विचारले तर म्हणाले,
"मेलेल्याचे कसले पैसे? चालला तर सांगा."

मी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर.
पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली उभा असतो रोज,
हात कापत नाही.
पण दिव्याच्या बुडातलं काळं खिळ्यानं फोडताना
पुष्कर आणि यामी इतक्या जवळून बघत होते
की घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन
तिथंच थांबला.
तार निघाली. काच वाचली.
पाणी भरलं गळ्यापर्यंत, बूच लावलं,
आणि यामीनं त्यातून माझ्याकडे पाहिलं :
"पप्पा, तुम्ही उलटे झालात."

खोकं माझ्याच शेडच्या बुटांचं.
फिल्म कुठून आणायची?
हर्षलाचा एक्स-रे होता कपाटावर,
गेल्या मे महिन्यातला.
कूलरमध्ये पाणी ओतताना घसरली होती, मनगट.
"कापा," ती म्हणाली, "जपून काय करायचंय त्याला?"
यामीनं चार पट्ट्या कापल्या,
ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तीन घासल्या
काचेसारख्या होईपर्यंत.
चौथी राहिली. कंटाळा आला तिला.

मग चित्रं. केळीचं झाड, मालगाडी,
शेपूट जास्तच लांब झालेली मांजर.

दुपारी दीडला लाइट गेली.
कुणाला फरक पडला नाही.
ऊन आपल्याकडे लागेल तेवढं,
त्याला कुठलं मीटर?
दाराच्या फटीसमोर अंगणात पुष्कर,
डोक्यावर ओला टॉवेल, हातात दाढीचा आरसा.
खोलीत आम्ही, आणि पलीकडच्या पारोळ्याच्या काकू,
तिकीट म्हणून मूठभर केळीचे वेफर्स घेऊन आलेल्या.

भिंतीवर गाडी आली. चाकं आभाळात.
"हाई ते उलटं शे!" काकू म्हणाल्या.
यामीनं पट्टी फिरवली.
गाडी रुळावर आली, आणि सगळ्यांनी
उगाचच टाळ्या वाजवल्या.
मांजर आली. तिची शेपूट छतापर्यंत गेली.
केळीच्या झाडावर पाण्याचा एक बुडबुडा
घडासारखा लोंबत होता, तो कुणी काढला नव्हता.

मग यामीनं चुकून चौथी पट्टी सरकवली.

भिंत निळीकाळी झाली.
आणि मधोमध उजेडाची हाडं,
हातभर लांब,
त्यांच्यात एक काळी रेघ, केसाएवढी.
वेफर्स खायचे थांबले.
"हे काय आहे?"
हर्षला उठली.
उजेडात आपला खराखुरा हात धरला तिनं,
सावली काळी पडली पांढऱ्या हाडांशेजारी.
"मी आहे," ती म्हणाली. "इथं मोडले होते."
यामी पुढे गेली, भिंतीवरच्या रेघेवर
हळूच बोट ठेवलं,
जसं काही अजून दुखेल.

बाहेरून पुष्कर ओरडत होता :
"काय दिसतंय? अरे, सांगा ना कुणीतरी!
माझे पाय भाजतायत!"

मी बाहेर गेलो. आरसा घेतला त्याच्या हातून.
"जा. तुझ्या आईचा सिनेमा लागलाय."
चप्पल आतच राहिली होती माझी.
फरशी तव्यासारखी. एक पाय उचलून,
मग दुसरा,
आतून काकूंचा आवाज, मग पुष्करचा,
मग बराच वेळ काही नाही,
मग हर्षला हसली.

ऊन सरकलं होतं.
मी आरसा थोडा डावीकडे कलवला.